ठरलेला भाव

१९७३ चा मे महिना आहे आणि तुमच्या हातात हातोडा आहे. रेणापूरच्या शिवारात, अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या माळावर काळ्या दगडांचे ढीग पडलेत आणि प्रत्येक ढिगापाशी एक कुटुंब बसलंय. सकाळचे नऊच वाजलेत, तरी दगड हातात धरवत नाही. बायकांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या बोटांना गुंडाळल्यात. त्यातली एक चिंधी शेजारची म्हातारी तुमच्याकडे टाकते. दगड पायांच्या मध्ये धरायचा, डोळे बारीक करायचे आणि घाव घालायचा. कपच्या उडतात. खडी ठरलेल्या मापाची हवी, मोठी राहिली तर मोजणीत धरत नाहीत. आणि मजुरी मोजणीवर आहे. तुम्ही किती वेळ उन्हात बसलात याला किंमत नाही.

"कुठून आलाव?" म्हातारी विचारते.

"पुण्याहून."

"तिकडं बी दुष्काळच हाय का?"

तुम्ही नाही म्हणता. ती आणखी काही विचारत नाही, पुढचा दगड ओढून घेते.

तिच्या पलीकडचा माणूस पंधरा एकरांचा धनी आहे. आजवर त्याने दुसऱ्याच्या बांधावर काम केलेलं नाही. त्याच्या शेजारी त्याचाच सालगडी बसलाय. यंदा पाडव्याला त्याचं साल ठरलंच नाही, कारण मालकाच्या कणगीत द्यायला ज्वारी नव्हती. आता दोघांच्या खडीचं माप एकच टेप घेते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी माणसं याच गोष्टीपाशी येऊन थांबतात: दुष्काळाने सगळ्यांना एका ओळीत बसवलं. तुम्ही मात्र दुपारपर्यंत त्या दोघांकडे बघत राहा. मालकाकडे विकायला अजून एक बैल आहे, बायकोच्या गळ्यात चार मणी सोन्याचे आहेत, आणि मृग बरसला की पेरायला जमीन आहे. सालगड्याकडे एक हातोडा आहे आणि तोही सरकारी. ओळ एकच आहे. त्या ओळीत किती दिवस तग धरता येईल, ते दोघांचं वेगळं आहे. तुमच्या पुढच्या सगळ्या प्रवासात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटणार आहे, म्हणून ती इथेच नीट बघून ठेवा.

दुपारी लेकरांना सुकडी वाटतात. तिचा गोडसर, भाजका वास माळभर पसरतो आणि सगळी लेकरं दगड टाकून धावतात. मोठ्यांच्या फडक्यात मिलोची भाकरी आहे. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. रेशनवर मिळते, थापताना तुटते, गिळताना घशाला लागते. तिकडे ती जनावरांना घालतात, असं कुणीतरी सांगतं. म्हातारी ऐकते आणि घास मोडत राहते. विहिरीला अजून पाणी आहे; नाही ते धान्य. हप्त्याचा पगार हप्त्याला होईलच असं नाही. मस्टर तालुक्याला जातं, तिथून मंजुरी येते, मग पैसे. तोवर वाण्याची उधारी चालते, आणि उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा वर असतो.

या महिन्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं आहेत. राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर. म्हणजे दहातला एक माणूस, लहान मुलं आणि म्हातारी धरून, आज खडी फोडतोय किंवा पाझर तलावाची माती वाहतोय. एवढ्या मोठ्या दुष्काळात भुकेने गावंच्या गावं मेली नाहीत, ही या राज्याने केलेली फार मोठी गोष्ट आहे. ती आपोआप घडली नाही. कुणीतरी पैसा काढला, कुणाकडून तरी घेतला, आणि या माळापर्यंत आणला.

पण ती म्हातारी या ढिगापाशी मुळात कशी आली?

मागे चला. फेब्रुवारी १९३७. गाव हेच, राज्य निजामाचं. चलनात हाली सिक्का आहे. सोलापूरकडे जाणाऱ्याला तो कलदार रुपयात बदलून घ्यावा लागतो आणि बदलताना दर वेळी थोडा झिजतो. या महिन्यात न्यूयॉर्कच्या 'टाइम' साप्ताहिकाने निजाम मीर उस्मान अली खानांचं चित्र मुखपृष्ठावर छापलंय आणि त्यांना जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हटलंय. रेणापुरात तो अंक कुणी पाहिलेला नाही. इथे पटवाऱ्याचं दफ्तर उघडं आहे, सारा भरायची मुदत जवळ आली आहे, आणि ज्याच्याकडे रोकड नाही तो सावकाराच्या ओट्यावर बसलाय. तुम्ही त्या ओट्यावर जरा टेका. सावकार आरडाओरडा करत नाही, धमकी देत नाही. तो फक्त म्हणतो, "घाई काय आहे, सुगीला द्या." सुगीला ज्वारी खळ्यावरूनच त्याच्याकडे जाते, ज्या दिवशी भाव वर्षातला सर्वांत खाली असतो त्या दिवशी. आषाढात तीच ज्वारी तोच शेतकरी त्याच्याकडून चढ्या भावाने उसनी नेतो. त्या म्हातारीचा बाप या ओट्यावर कितीदा आला असेल, आणि शेवटच्या खेपेला कशावर अंगठा उठवून गेला असेल, ते तुम्हाला आता कुणी सांगायला नको.

सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य गेलं. निजामाला वर्षाला पन्नास लाख रुपयांचा तनखा ठरला. १९४९ मध्ये जहागिऱ्या संपल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला, आणि कुळांच्या नावापुढे 'संरक्षित' असं लिहिलं गेलं. उस्मानिया विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ ए. एम. खुस्रो यांनी त्याच दशकात गावोगाव पाहणी केली, तेव्हा अशी पुष्कळ संरक्षित कुळं जमिनीवर उरलेली नव्हती. कागदावर त्यांनी राजीखुशीने जमीन सोडली होती. मालकासमोर, पाटलासमोर, आपल्याच गावात राहायचं असताना माणूस राजीखुशीने काय काय सोडतो, हे त्या सालगड्याला विचारा. निजामाचा तनखा पुढची बावीस वर्षं चालू राहिला. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने बंद झाले. पुढच्याच पावसाळ्यात आभाळ कोरडं गेलं.

आता मुंबई, १९७७. रीगल सिनेमाजवळची जुनी दगडी इमारत, कौन्सिल हॉल. नरिमन पॉइंटचं विधानभवन व्हायला अजून चार वर्षं आहेत. विधान परिषदेचे सभापती आहेत वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी १९६५ मध्येच एक प्रयोग करून पाहिला होता: गावात जो काम मागेल त्याला काम द्यायचं. बहात्तरच्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली, आणि आता तिचा, रोजगार हमीचा, कायदा होतोय. तुम्ही प्रेक्षकांच्या सज्जात बसा. सभागृहात शेठजींचे मित्र आहेत, साखर कारखान्यांचे अध्यक्ष आहेत, लाल बावट्याचे लोक आहेत. विधेयक एकमताने मंजूर होतं. २६ जानेवारी १९७९ पासून ते अमलात येईल, आणि काम मागणं हा महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या माणसाचा हक्क ठरेल. देशाला तसा कायदा करायला २००५ साल उजाडेल.

एकमत कसं झालं? तुम्ही कॉरिडॉरमध्ये थोडा वेळ उभे राहिलात तर कळेल. मुंबईला दादर आणि व्हीटीवर उतरणारे दुष्काळी लोंढे नको होते. बागायतदारांना आपल्या रानाकडे जाणारा रस्ता, बांधबंदिस्ती, पाझर तलाव हवे होते; तेही सरकारी खर्चाने आणि सुगीत मजूर मोकळे ठेवून. मजुरांना काम हवं होतं. तिघांचे हेतू निरनिराळे होते आणि त्या एका वर्षी ते एकाच कागदावर मावले. मला ही हकीकत लाजिरवाणी वाटत नाही. गरिबांच्या वाट्याला काही आलं ते बहुधा असंच आलं, आणि आलं हे महत्त्वाचं.

पण पैसा? त्यासाठी दोन वर्षं आधीच, १९७५ मध्ये, शहरातल्या नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला होता. मोटारींवर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर जादा आकार आला, आणि या सगळ्यातून जेवढा जमेल तेवढाच सरकारने आपल्याकडून घालायचा ठरलं. पुण्याच्या नोकरीतली तुमची पगाराची स्लिप आठवा. दरमहा दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. आपण त्याला पीटी म्हणतो आणि कशाचे ते विचारत नाही. ती वजावट त्या माळावरच्या खडीची आहे. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या रोजाचा वाटा उचलावा, असा उघड, लेखी करार या राज्याने केला होता, आणि तो तुमच्या स्लिपवर आजही छापलेला आहे.

तो करार पुढे कसा सैल झाला, तेही बघायला हवं. व्यवसाय कराची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात आहे. १९८८ मध्ये ती वर्षाला २५० वरून २,५०० रुपये झाली. त्या काळी महाविद्यालयात नव्याने लागणाऱ्या अधिव्याख्यात्याचा मूळ पगार २,२०० रुपये होता; म्हणजे वरची मर्यादा एका महिन्याच्या मूळ पगाराहून थोडी जास्तच. त्यानंतर पगार कुठल्या कुठे गेले, मर्यादा जागची हलली नाही. आज महिना पंधरा हजार मिळवणारा सुरक्षारक्षक आणि तो ज्या इमारतीच्या दाराशी उभा असतो तिथला महिना पंधरा लाखांचा अधिकारी, दोघंही वर्षाचे तेच अडीच हजार भरतात. त्याच १९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीला आली, जवळजवळ दुप्पट झाली, आणि मग कामं निघणंच कमी होत गेलं. मजुराचा दर वाढवायला कोर्टकचेरी आणि मोर्चे लागले. कामं आटवायला काहीच करावं लागलं नाही. फक्त मागणीचा अर्ज टेबलावर पडू दिला की पुरे.

आता थोडं मागे, १९८४ मध्ये या, पण फार थांबू नका. वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीचा जाड अहवाल आलाय. तिने जिल्ह्याजिल्ह्यांचे रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने मोजले आणि राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागे आहे ते रुपयांत मांडलं: एकूण अनुशेष ३,१८६ कोटी, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून लातूरच्या चहाच्या टपरीवर आला. दशकभराने, १९९४ मध्ये, विकास मंडळं झाली. हे मोजणं आवश्यक होतं. मराठवाड्याचं म्हणणं रडगाणं नाही, हिशेब आहे, हे त्याने सिद्ध केलं. पण त्या तक्त्यांवरून बोट फिरवताना एक लक्षात घ्या: मोजणी जिल्ह्या-जिल्ह्यांमधली आहे. खडीच्या दोन शेजारच्या ढिगांमधलं अंतर कुठल्याच रकान्यात नाही. लातूर पुण्यापेक्षा किती मागे, ते सापडतं. लातुरातला सालगडी लातुरातल्या मालकापेक्षा किती मागे, ते सापडत नाही. आणि जे मोजलं गेलं नाही त्यावर कुणी भाषण केलं नाही.

तसं सत्ता इथे आली नाही असं कोण म्हणेल? मराठवाड्याने राज्याला चार मुख्यमंत्री दिले, चौघेही नांदेड आणि लातूर याच दोन जिल्ह्यांतले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. आणि खुद्द रेणापूर मतदारसंघाचे आमदार गोपीनाथ मुंडे मार्च १९९५ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. त्या दिवशीच्या रेणापुरात उतरलात तर गुलालाने तुमचे कपडे भरतील. लोक मनापासून नाचतायत आणि त्यांचा आनंद खरा आहे. ऊसतोड मजुरांचा, वंजारी वाडी-वस्तीचा माणूस मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर जातोय. त्याच वर्षी दिवाळीनंतर मात्र इथल्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या निघतीलच, पश्चिमेकडे, कारखान्यांच्या फडात. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, हिशेबात एक.

तोडणीचा दर त्यांच्या फडात ठरत नाही. तो साखर संघ, संघटना आणि लवादाचे नेते यांच्या बैठकीत ठरतो, आणि बहुतेक वेळा ठरायला वर्षानुवर्षं लागतात. जानेवारी २०२४ मध्ये तो ३४ टक्क्यांनी वाढला. चांगली वाढ होती. ती मिळवायला संप करावा लागला, आणि संपाच्या काळात कारखान्याला ऊस वाळेल एवढीच भीती होती. कोयत्याच्या घरात मात्र पीठ संपतं.

एप्रिल २०१६ मध्ये क्षणभर थांबा. मांजरा धरण कोरडं आहे. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागून गेलीय, आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे आली आहे, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभरचे कॅमेरे फलाटावर आहेत. बहात्तरला धान्य नव्हतं, आता पाणी नाही, असं म्हातारी माणसं सांगतायत. कॅमेरे ज्या शिवारातून गेले नाहीत तिथे याच खोऱ्यात वर्षानुवर्षं उसाचे हिरवे पट्टे वाढत आले. ऊस शेतकऱ्याने हौसेने लावला नाही. एकाच पिकाला कायद्याने ठरलेला दर होता, एकाच पिकाला दाराशी घेणारा कारखाना होता, आणि त्या कारखान्याला सरकारची थकहमी होती. तूर, ज्वारी, करडईला यातलं काही नव्हतं. बोअर पाचशे-सहाशे फूट नेण्याची ज्याची ऐपत होती त्याला ऊस परवडला, आणि त्याच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटवली.

आता लांब जायचंय. ऑक्टोबर २०१८, अमेरिकेतलं इलिनॉय राज्य, डिकेटर गावाच्या बाहेर. तुमच्यासमोर सोयाबीनच आहे. तेच पिवळं पान गळालेलं झाड, तीच करकरीत शेंग. फक्त शेत क्षितिजापर्यंत एकच आहे, बांध नाही. हजार-दीड हजार एकर कसणारा शेतकरी कम्बाइनच्या थंड केबिनमधून उतरून तुमच्याशी बोलतो. तो काळजीत आहे. त्यांच्या अध्यक्षांनी चीनच्या मालावर कर लावला, चीनने जुलैत अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के लावला आणि शिकागोच्या बाजारात भाव कोसळला. लातूरच्या मोंढ्यात सकाळी सौदा फुटण्याआधी व्यापारी मोबाइलवर जो आकडा बघतात तो याच शिकागोचा. म्हणजे या माणसाची आणि रेणापूरच्या शेतकऱ्याची काळजी एकच आहे.

फरक पुढे आहे. भाव पडल्यावर काही आठवड्यांतच, २४ जुलैला, त्याच्या सरकारने १,२०० कोटी डॉलरची मदत जाहीर केली. सोयाबीनला बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट. बुशेल म्हणजे सुमारे सव्वासत्तावीस किलो. आपल्या हिशेबात तेव्हाच्या दराने क्विंटलमागे सव्वाचारशे रुपयांच्या वर. पुढच्या वर्षी आणखी १,६०० कोटी डॉलर आले. पैसे उत्पादनाच्या आणि क्षेत्राच्या प्रमाणात वाटले गेले, त्यामुळे ज्याचं शेत मोठं त्याचा धनादेश मोठा, आणि लहान शेतकरी तिथेही मागेच राहिला. त्याच सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये कंपन्यांवरचा कर ३५ टक्क्यांवरून २१ वर आणला होता. आपल्याकडे २० सप्टेंबर २०१९ ला तो ३० वरून २२ झाला, आणि सरकारच्याच अंदाजाने १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल त्या एका दिवशी सोडला गेला. दोन देश, दोन वेगळे पक्ष, आणि हात एकाच दिशेने सैल. इलिनॉयचा शेतकरी वाईट माणूस नाही. त्याच्यासारख्यांची राज्यं निवडणूक फिरवू शकतात, त्याच्या संघटनेचं कार्यालय वॉशिंग्टनमध्ये आहे, आणि त्याच्याकडे धान्य साठवायला स्वतःचे पत्र्याचे उंच सायलो आहेत. भाव पडला तर तो वाट बघू शकतो.

वाट बघण्याची ती ऐपत रेणापुरात कुणाकडे आहे? ऑगस्ट २०२१ च्या पहिल्या आठवड्यात लातूरच्या मोंढ्यात या. गंजगोलाईतून बाहेर पडा, बाजार समितीच्या आवारात हमालांच्या पाठीमागे चालत राहा. सोयाबीन दहा हजारांच्या पुढे गेलंय. हमीभाव ३,९५०. आडत्याच्या गादीवर बसलेला माणूस फोनवर आकडा ऐकून हसतोय. पण आवक बघा: थोडकी पोती. गेल्या दिवाळीला, पट्टी हातात पडली की खताची उधारी, बँकेचं पीककर्ज, पोरीचं लग्न असं वाटून टाकणाऱ्यांनी चार हजारांच्या आसपास विकून मोकळं केलं होतं. आज दहा हजार घेणारे ते आहेत ज्यांच्याकडे गोदाम होतं आणि दहा महिने घर दुसऱ्या पैशावर चालत होतं. तरीही शिवारात उत्साह आहे, कारण रानात नवं पीक उभं आहे. "औंदा घर बांधूलालो," एक तरुण तुम्हाला सांगतो. त्याने बियाणं महागात घेतलंय, फवारणी दोनदा जास्त केली आहे.

पंधरवड्यात दिल्लीहून आदेश निघतो. कोंबडीखाद्य महागलं म्हणून कुक्कुटपालन उद्योगाने तक्रार केली होती. बारा लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली, उतरायच्या ठिकाणांत न्हावा-शेवा. जीएम सोयाबीन पेरायला या देशात बंदी आहे, ते इथल्या शेतकऱ्याला लावता येत नाही. त्याचीच पेंड मात्र चालली. सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाचा पाऊस कोसळतो, मांजराचे दरवाजे उघडतात, काढून ठेवलेल्या बनमींतून पाणी निथळतं. ऑक्टोबरात तो तरुण उरलंसुरलं काळपट सोयाबीन घेऊन मोंढ्यात येतो, तेव्हा चांगल्या मालाचाही भाव जवळपास निम्म्यावर आलाय. डिसेंबरात वायदेबाजारही बंद केला जातो. अंडी आणि चिकन स्वस्त व्हावं ही मागणी चुकीची नव्हती. शहरातल्या गरिबालाही प्रथिनं लागतात. पण महागाईचा भार कुणाच्या खांद्यावर टाकायचा याची निवड झाली आणि ती सुगीच्या तोंडावर झाली. मार्चमध्ये हाच आदेश निघाला असता तर साठेबाजाला बसला असता. ऑगस्टात तो पेरणाऱ्याला बसला. तारीख हाच त्या आदेशाचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर होता.

आणि आता नोव्हेंबर २०२४. रेणापूरच्या पिंपळफाट्यावर उतरा. २० तारखेला मतदान आहे. भोंगे लावलेल्या जीपा फिरतायत. एक आघाडी सोयाबीनला सहा हजार देऊ म्हणते, दुसरी सात हजार. हमीभाव ४,८९२ आहे आणि मोंढ्यात चार हजारांच्या आसपास मिळतंय. सरकारी खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्के. परतीच्या पावसानंतर एवढं कोरडं सोयाबीन कुणाच्याच घरात नाही, म्हणून पोती तपासून परत पाठवतायत. १५ नोव्हेंबरला, मतदानाला पाच दिवस उरले असताना, अट १५ टक्क्यांवर येते. यंत्र तेच, दाणा तोच.

केंद्राच्या बाहेर टेम्पोला टेकून एकजण उभा आहे. त्याने तीन एकर बटईने केलंय. त्याच्या बायकोच्या खात्यात लाडकी बहीणचे दीड हजार आले. "मधी कुनी नव्हतं, सरळ माह्याच खात्यात आले," असं ती ठासून सांगते, आणि ते खरं आहे, सरकारकडून कुणाच्याही हाताखालून न जाता तिला मिळालेले ते पहिले पैसे आहेत. पण गेल्या खरिपाच्या सोयाबीनसाठी सरकारने जाहीर केलेले हेक्टरी पाच हजार जमीनमालकाच्या खात्यात गेले. मालक लातुरात राहतो, पोरांच्या क्लाससाठी. हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी करायला सातबारा आणि पीकपेरा लागतो, त्यावरही नाव मालकाचंच. मालक सही द्यायला तयार आहे, पण पैसेही त्याच्याच खात्यात येतील, आणि ते कधी येतील ते कुणाला ठाऊक नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये खरेदी बंद होईल तेव्हा नोंदणी करून रांगेत थांबलेल्यांपैकीही कित्येकांचं माप झालेलं नसेल.

तुम्ही त्याच्याबरोबर हिशेब करा, तो करूनच ठेवलाय. एकरी सहा क्विंटल धरले तर तीन एकरांचं अठरा क्विंटल. मोंढ्यात नेलं तर हमीभावापेक्षा क्विंटलला आठशे कमी, म्हणजे चौदा हजार चारशे आजच गेले. त्यातलं अर्धं नुकसान मालकाचं, अर्धं त्याचं. त्याच्या वाट्याचे सात हजार दोनशे म्हणजे बायकोच्या दीड हजारांचे जवळजवळ पाच महिने. थांबलं तर खतवाल्याचं व्याज शेकडा दोन, महिन्याला, आणि हरभरा पेरायला बियाणं उद्या घ्यायचंय.

"मग काय करूलालाव?" तुम्ही त्याच्याच भाषेत विचारता.

तो टेम्पोवाल्याला लातूरचं भाडं किती घेतोस ते विचारतो, घासाघीस करून पन्नास कमी करून घेतो, आणि पोती पुन्हा वर चढवायला तुम्हाला एका बाजूने हात लावायला सांगतो.